तुम्ही विचारलंय, गरिबाला नाणं मोठं दिसतं का, आणि हुद्दा मोठा असला की माणूस खरंच उंच दिसतो का?

दिसतो. आमच्या दुकानात दिसला आणि खापर माझ्यावर फुटलं, म्हणून लिहितोय.

आमचं शिंपीकाम. वडिलांनंतर दुकान दादा बघायचा, मी हाताखाली. १९९१ च्या दिवाळीआधी साखर कारखान्याचे चेअरमन सफारी शिवायला आले. दारात जीप, मागे चार माणसं, दादा मशीन सोडून उभा. टेप माझ्या हातात होती. पँटची लांबी ३८ भरली, ती वहीत लिहिली. साहेब गेल्यावर दादा म्हणाला, "येड्या, ३८ कशी असेल? एवढा उंचापुरा माणूस!" आणि साडेचाळीस धरून कापड कापलं. बाह्याही तशाच वाढवल्या. ट्रायलला पँट चपलेखाली, बाह्या बोटांवर. साहेब भडकले, तर दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "पोरानं माप चुकीचं लिहिलं."

साहेब जेमतेम पाच फूट चार इंच होते हो!

पॉल विल्सन नावाच्या संशोधकाने १९६८ मध्ये एकच पाहुणा विद्यार्थ्यांच्या पाच गटांना दाखवला. एका गटाला सांगितलं हा विद्यार्थी, आणखी एकाला लेक्चरर, असं करत शेवटी प्रोफेसर. मग त्याची उंची विचारली. हुद्द्यागणिक ती चढत गेली, प्रोफेसर विद्यार्थ्यापेक्षा सुमारे अडीच इंच उंच! दादानेही अडीचच वाढवले होते.

गरिबाला नाणं मोठं दिसतं का, हेही तुम्ही विचारलंय. ब्रूनर आणि गुडमन या मानसशास्त्रज्ञांच्या १९४७ च्या प्रयोगात गरीब मुलांनी नाण्यांचा आकार श्रीमंत मुलांपेक्षा जास्त सांगितला होता. त्यात मी फार शिरत नाही.

एक मात्र आधीच सांगायला हवं होतं. फायरस्टोन आणि शोल या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये अशा प्रयोगांची चिरफाड केली. त्यांचं म्हणणं, बहुतेक ठिकाणी डोळ्यांना वेगळं दिसतच नाही, वेगळा असतो तो अंदाज किंवा आठवण. मला पटतं. विल्सनच्या विद्यार्थ्यांनीही पाहुणा गेल्यावरच उंची सांगितली होती. म्हणजे वरचं माझं 'दिसतो' थोडं सैल धरा. दादाचे डोळे ठणठणीत होते, त्याचा अंदाज हुजरेगिरी करत होता.

तेव्हा माप घेताना आकडा आधी लिहा, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नंतर बघा. आणि टेप ज्याने धरली त्याचं ऐका. दादा अजूनही लग्नाकार्यात 'ह्याने घोळ घातला' म्हणून हा किस्सा रंगवून सांगतो. ती वही माझ्याकडे आहे. माझ्या अक्षरात ३८, त्यावर काट, आणि शेजारी दादाच्या अक्षरात साडेचाळीस.