चिकमगळूरला निघण्याआधी

प्रिय मुली,

कर्नाटकातल्या चिकमगळूरच्या शेतकरी कंपनीत रुजू होते आहेस, ऐकून फार आनंद झाला. तू लिहिलंस, कॉफीचे भाव इतके चढलेत, मग लहान शेतकऱ्याला अडचण कसली? हे मनात ठेवून तिथे जाऊ नकोस. २०२४ मध्ये रोबस्टा जातीच्या कॉफीचा भाव चढत गेला, पण तोडणी संपताच ज्यांनी माल विकला त्यांच्या हाती त्यातलं काही लागलं नाही. मजुरीचा आठवडा चुकवायचा असतो, कर्जाचा हप्ता दारात असतो. माल ठेवायचा कशाच्या जोरावर?

पहिल्या हंगामात व्यापाऱ्याच्या काट्यापाशी उभी राहा. फळासकट सुकवलेली कॉफी, म्हणजे चेरी, ५० किलोच्या पोत्याने विकली जाते आणि भाव ठरतो तो ‘आउट-टर्न’वर: पोत्यातून साफ बी किती किलो निघेल त्यावर. २७ किलो निघणार असताना कुणी २५ धरलं, की पोत्यामागे दोन किलोंचे पैसे गेले. नमुना शेतकऱ्यासमोर काढला का, त्याच्यासमोर सोलून तोलला का, ओलावा कशाने मोजला, हे बघ. कंपनीने स्वतःचं ओलावामापक आणि नमुना सोलायचं छोटं यंत्र घेतलं, तर पहिल्याच वर्षी सभासदांचा विश्वास बसेल.

आता धोरणाचं. कॉफी मंडळ केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाखाली येतं, कृषी मंत्रालयाखाली नाही. माझ्या मते बरीचशी दुखणी इथूनच सुरू होतात. निर्यात वाढली की धोरण यशस्वी ठरतं. दोन एकरवाल्याच्या हाती काय उरलं, हे कुणी विचारत नाही. पूर्वी मंडळच सगळा माल गोळा करून विकायचं. पैसे उशिरा, हप्त्याहप्त्याने मिळत, ही तक्रार खरीच होती. १९९६ पर्यंत टप्प्याटप्प्याने ती पद्धत गेली आणि बाजार खुला झाला. मग शतक संपता संपता जगभर भाव कोसळले तेव्हा लहान माणूस उघडा पडला. कॉफीला हमीभाव आजही नाही.

मार्चच्या सुमारास फुलोऱ्याचा पाऊस चुकला तर तळं आणि स्प्रिंकलर असलेला मळेवाला तरतो, बाकीच्यांचं वर्ष जातं. कर्ज थकलं की सरफेसी कायद्याची, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता तारण जप्त करू देणाऱ्या कायद्याची, नोटीस येते. शेतजमिनीला त्यातून सूट आहे, पण कॉफीचा मळा म्हणजे शेतजमीन नव्हे, असा बँकांचा पवित्रा. अशी नोटीस कुणाकडे आली तर त्याच दिवशी वकील गाठा.

सरकारी आकड्यांत १० हेक्टरपर्यंतचे सगळे ‘लहान’, म्हणजे ९८ टक्क्यांहून जास्त उत्पादक. दोन एकर आणि चोवीस एकर एकाच रकान्यात! तू सभासदांची यादी जमिनीनुसार वेगळी कर.

आणि युरोपचा जंगलतोडविरोधी नियम. दोनदा पुढे ढकलला, तरी तयारी थांबवू नका. ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जंगलातला माल तिथे चालणार नाही. त्यासाठी जमिनीच्या प्रत्येक तुकड्याचं ठिकाण मोजून नोंदवावं लागेल. आपली कॉफी सावलीतली, फणस-सिल्व्हर ओकखालची. बहुतेकांना घाबरायचं कारण नाही. खोळंबा होईल तो कागदांवर. तिकडे सातबाऱ्याला पहाणी म्हणतात, आणि कित्येक पहाण्या अजून आजोबांच्या नावावर आहेत. तुकड्याच्या ठिकाणाच्या मोजणीची प्रत शेतकऱ्याच्या हातात राहू दे. ती फक्त निर्यातदाराकडे असली, तर उद्या दुसऱ्याला माल विकताना त्याची अडवणूक होईल.

कन्नड शिकायला आजच लाग. पहिल्या महिन्यातल्या पहाण्यांची यादी मला पाठव, वारसनोंदींचे अर्ज मिळून लिहू.

तुझा,
काका