एक बस उतरली, दुसरी भरायची

अरे, सहलींचा गाईड झालास की दुपारी कास पठाराची मंडळी सातारा स्टँडवर सोडायची आणि तासाभरात सज्जनगडाची उचलायची, असा दिवस फुलांच्या हंगामात, सप्टेंबरात, येणारच. पहिल्यांना घाईनं उतरवू नकोस. सीटखाली हात घालून बघ. चष्मा, गोळ्यांची डबी, कंदी पेढ्यांचा पुडा, काहीतरी हमखास सापडतं. हिशेब तिथंच मिटव. ड्रायव्हरला आधी जेवू घाल, मग तू.

जुनी यादी बॅगेच्या तळाशी टाक. मी एकदा तीच घेऊन नव्या बसमध्ये हजेरी घेतली. चार नावं झाली तरी कुणी ‘हजर’ म्हणेना!

सज्जनगडाला पायऱ्या आहेत. गुडघेदुखीवाले कोण, ते बसमध्येच विचारून घे आणि समर्थांच्या समाधीपर्यंत त्यांच्याच चालीनं चाल.