ईसीजीची पट्टी वाचताना

मशीननं छापलेलं निदान आधी अंगठ्याखाली झाक. कागदाचा वेग सेकंदाला 25 मिमी आहे ना, एवढं बघ आणि लीड दोनची (हृदयाकडे बघण्याच्या बारा कोनांपैकी एक) लांब पट्टी घे. ठोके समान अंतरावर असतील तर 300 ला दोन आर-मधल्या (आर म्हणजे ठोक्याचं उंच टोक) मोठ्या चौकोनांनी भाग, मिनिटाचे ठोके मिळतात. अंतर कमीजास्त असेल तर हा हिशोब फसतो. मग 30 मोठे चौकोन, म्हणजे 6 सेकंद, धर आणि त्यातले आर गुणिले 10.

अंतराला कसलाच ताळमेळ नाही, पी लाटही (ठोक्याआधीची छोटी लाट) नाही, तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर. पण घाई नको. आपल्याकडे मे महिन्यात घामानं इलेक्ट्रोड सुटतात, कूलरमुळे रेघ दातेरी होते. कातडी पुस, कूलर बंद कर, पुन्हा काढ.

क्यूआरएस (ठोक्याची मुख्य टोकदार लाट) तीन बारीक चौकोन किंवा त्याहून रुंद आणि ठोके जलद, तर व्हीटी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येणारी धोक्याची जलद धडधड, समजूनच चाल. पेशंट बोलतोय म्हणून निर्धास्त राहू नको. वेरापामिल हे ठोके मंद करणारं औषध तर नाहीच.

कपाशीच्या फवारणीत विषबाधा झालेल्याचा क्यूटी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून त्यानंतरच्या टी लाटेच्या शेवटापर्यंतचा वेळ) आवर्जून मोज. तो 500 मिलिसेकंदांच्या वर गेला की टॉर्साद, म्हणजे व्हीटीचाच एक घातक प्रकार, येऊ शकतं. अशा पेशंटचे स्नायू फडफडतात, म्हणून रेघ थरथरते. ते फिब्रिलेशन नव्हे.