तर्जनी, तळव्याची कड आणि विंडोज ११चा टचपॅड

अंबडच्या कारखान्यात प्रेसमध्ये तुमच्या भावाचे दोन्ही हात सापडले. आता डावा मनगटापर्यंतच आणि उजव्याला अंगठा-तर्जनी. लॅपटॉपवर कर्सर उड्या मारतो, मध्येच राइट क्लिकचा मेनू उघडतो, कंट्रोल-सी जमत नाही, असं तुम्ही लिहिलंय. कर्सर स्पीडशी खेळून यातलं काही सुटणार नाही.

मेनू उघडतो कारण तर्जनीसोबत तळव्याची कड टेकते आणि पॅड त्याला दोन बोटं समजतो. सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, टचपॅड, मग टॅप्स. तिथली दोन बोटांच्या टॅपने राइट क्लिकची खूण काढा, खालचा उजवा कोपरा दाबून राइट क्लिकची ठेवा. 'टॅप ट्वाइस अँड ड्रॅग' अजिबात बंद करू नका: एक टॅप, लगेच दुसरा, बोट न उचलता सरकवायचं, की एकाच बोटाने फाइल ओढता येते. लांब ओढताना पॅड संपतो, त्यासाठी स्टार्टमध्ये 'रन' शोधून त्यात main.cpl टाका आणि बटन्स टॅबमध्ये क्लिकलॉक चालू करा: बटण क्षणभर दाबून धरलं की सोडल्यावरही ते दाबलेलंच राहतं.

टॅप्समध्येच सेन्सिटिव्हिटी आहे. नाव फसवं आहे. टाइप करताना चुकून झालेले स्पर्श किती गाळायचे, एवढंच ती ठरवते. भाऊ ज्या बोटाने टाइप करणार त्यानेच पॅड चालवणार, म्हणून 'लो'वर टाइप केल्याकेल्या पॅड क्षणभर मेल्यासारखा वाटेल. 'हाय' ठेवून बघा. डाव्या स्टम्पने, म्हणजे हाताच्या उरलेल्या टोकाने, चालवायचं असेल तर 'मोस्ट सेन्सिटिव्ह'. तरीही रुंद स्पर्श काही पॅड स्वतःच तळवा म्हणून नाकारतात, तेव्हा कडेचा लहान भाग टेकवायचा. सिलिकॉनचा कृत्रिम हात मात्र पॅडला कळतच नाही, तिथे सेटिंग बदलून उपयोग नाही.

उड्यांसाठी आधी चार्जर काढून बघा. बॅटरीवर कर्सर शांत झाला तर दोष अर्थिंगचा किंवा चार्जरचा. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकात अनेकदा वायरच नसते. वायरमनकडून तपासून घ्या. घामाने ओला पॅडही असाच वागतो, जवळ सुती फडकं ठेवा.

कंट्रोल-सीसाठी शिफ्ट पाच वेळा दाबून स्टिकी कीज चालू करा: मग कंट्रोल दाबून सोडायचं आणि नंतर सी, दोन्ही एकदम धरावं लागत नाही. पण दोन कीज एकदम दाबल्या की ते आपोआप बंद होण्याचा पर्याय त्यात असतो, आणि तळवा टेकला की नेमकं तेच होतं. ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड, स्टिकी कीज इथे जाऊन ती खूण काढा.