योहानाने याजकांना ‘मी एलीया नाही’ असे का सांगितले?

आपण विचारले आहे की, यरुशलेमेहून आलेल्या याजकांना बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने आपण जुन्या करारातील संदेष्टा एलीया नसल्याचे स्पष्ट सांगितले (योहान १:२१; हे त्याच नावाच्या दुसऱ्या योहानाचे म्हणून ओळखले जाणारे चौथे शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचा ग्रंथ), आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात मात्र येशू त्याच योहानाविषयी, जो एलीया येणार होता तो हाच, असे म्हणतो (मत्तय ११:१४). तर यांतले खरे कोणाचे मानायचे, याजकांनी नेमके हेच प्रश्न का विचारले, आणि परत जाऊन त्यांनी काय सांगितले? हा उतारा मी आमच्या मंडळीच्या अभ्यासवर्गात अनेकदा शिकवला आहे आणि दर वेळी कोणीतरी हीच शंका काढतो. माझ्या मते येथे कोणीही खोटे बोललेले नाही. पण ते पटण्यासाठी प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात काय होते हे आधी पाहावे लागते.

लूकने दिलेल्या कालगणनेप्रमाणे योहानाचे कार्य तिबिर्य कैसराच्या पंधराव्या वर्षी, म्हणजे साधारण इ.स. २८-२९ मध्ये सुरू झाले. यार्देनेच्या काठी लोकांची रीघ लागली होती आणि मंदिराच्या कारभाऱ्यांना त्याची दखल घ्यावी लागली. ‘यहूद्यांनी’ याजक व लेवी (मंदिरातील सेवेकरी) पाठवले असे वचनात आहे, परंतु येथे त्या शब्दाचा अर्थ यरुशलेमेतील धर्माधिकारी एवढाच घ्यावा, कारण योहान, त्याचे शिष्य आणि त्याच्याकडे येणारी माणसे, सगळेच यहूदी होते. हा शब्द सरसकट साऱ्या समाजाला लावल्यामुळे युरोपात यहूदी लोकांवर शतकानुशतके जे अत्याचार झाले, ते आठवले की ही सूचना मला प्रत्येक वेळी द्यावीशी वाटते. लेवींचा उल्लेख या संपूर्ण शुभवर्तमानात फक्त याच ठिकाणी येतो. शुद्धीकरणाचे विधी आणि मंदिराची शिस्त हे याजक-लेवींच्या अखत्यारीतले विषय असल्यामुळे, पाण्याने लोकांना शुद्ध करू पाहणाऱ्या माणसाची चौकशी त्यांच्याकडे येणे स्वाभाविक होते. लूक आणखी एक गोष्ट सांगतो, जी चौथ्या शुभवर्तमानात नाही: योहानाचा पिता जखऱ्या हा अबीयाच्या वर्गातील याजक होता आणि आई अलीशिबा अहरोनाच्या कुळातली होती. म्हणजे जन्माने जो मंदिरात धूप जाळण्याचा अधिकारी, तो नदीकाठी उभा होता, आणि त्याच्याच भाऊबंदांनी येऊन त्याला ‘तू कोण आहेस?’ असे विचारले. (‘तू’ की ‘आपण’ हा भेद मूळ ग्रीकमध्ये नाही, तो मराठीत अनुवादकाला ठरवावा लागतो, म्हणून त्या शब्दावरून त्यांचा उद्धटपणा किंवा आदर ठरवू नये.)

त्यांनी घेतलेली नावे ही त्या काळच्या लोकांनी वाट पाहिलेल्या व्यक्तींची नावे होती. ख्रिस्त, म्हणजे अभिषिक्त, याविषयी फार सांगायला नको. एलीयाची गोष्ट अशी की, २ राजे २ प्रमाणे त्याला मरण आले नाही. तो वावटळीतून स्वर्गात घेतला गेला, आणि मलाखीच्या ग्रंथाच्या शेवटी परमेश्वर म्हणतो की, माझा महान व भयंकर दिवस येण्यापूर्वी मी एलीया संदेष्ट्याला पाठवीन. आता ठिकाण पाहा. एलीया वर घेतला गेला तो यार्देन ओलांडल्यावर, पलीकडच्या तीरावर; आणि योहान बाप्तिस्मा देत होता ते बेथानी गावही यार्देनेच्या पलीकडेच. त्यात मार्क सांगतो त्याप्रमाणे उंटाच्या केसांचे वस्त्र आणि कमरेला कातड्याचा पट्टा, म्हणजे २ राजे १:८ मधला एलीयाचाच वेष. तो पाहून याजकांना एलीया आठवला नसता, तरच नवल.

तिसरे नाव आजच्या वाचकाला सर्वांत अनोळखी वाटते. ‘तू तो संदेष्टा आहेस काय?’ या प्रश्नातला ‘तो’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. ग्रीकमध्ये तेथे निश्चयवाचक उपपद आहे, आणि मराठीत तसे उपपद नसल्यामुळे ‘तो’ म्हणूनच ती अडचण सोडवावी लागते. हा ‘तो’ म्हणजे जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथातला (१८:१५-१८), ज्याच्याविषयी मोशे म्हणाला होता की देव तुमच्या भावांमधून माझ्यासारखा संदेष्टा उभा करील. या संदेष्ट्याची प्रतीक्षा किती खरी होती याचे दाखले बायबलबाहेरही मिळतात. इ.स.पू. १६४ मध्ये मंदिराची पुनःप्रतिष्ठा झाली तेव्हा विटाळलेल्या वेदीचे दगड काय करावेत हे कोणालाच ठरवता येईना, म्हणून एखादा संदेष्टा येऊन सांगेपर्यंत ते मंदिराच्या टेकडीवर नुसते ठेवून दिले, असे मक्काबीच्या पहिल्या ग्रंथात आहे. १९४७ पासून मृत समुद्राजवळील कुमरान येथे जी गुंडाळीपत्रे सापडली, त्यांतील समाजाच्या नियमग्रंथात ‘संदेष्टा आणि अहरोन व इस्राएल यांचे अभिषिक्त येईपर्यंत’ असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे याजकांच्या हाती जणू तयार चौकटी होत्या आणि समोरचा माणूस त्यांतल्या कोणत्या चौकटीत बसतो एवढेच त्यांना ठरवायचे होते.

या चौकशीमागे भीतीही असणार. यहूदी इतिहासकार योसेफस लिहितो की इ.स. ४५ च्या सुमारास थुदास नावाच्या माणसाने आपण संदेष्टा असल्याचे सांगून, आपल्या आज्ञेने यार्देन दुभंगेल असे आश्वासन देत मोठा जमाव नदीकडे नेला. रोमी सुभेदार फादसने घोडदळ पाठवले, कित्येकांना ठार केले आणि थुदासाचे शीर यरुशलेमेस आणवले. ही घटना योहानानंतरची असली तरी नदीकाठचा संदेष्टा आणि भोवतीचा जमाव हे दृश्य सत्तेला कसे दिसे, ते तिच्यावरून कळते. स्वतः योहानाविषयीही योसेफस हेच सांगतो: त्याच्या शब्दाचा लोकांवरील प्रभाव पाहून गालीलाचा शासक हेरोद अंतिपा याला बंडाची धास्ती वाटली आणि त्याने योहानाला मखैरसच्या किल्ल्यात ठार करवले.

आता उत्तरांकडे येऊ. हा भाग सावकाश वाचावा अशी माझी विनंती आहे. प्रश्न होता ‘तू कोण आहेस?’, ख्रिस्ताचे नाव कोणी घेतलेही नव्हते, तरी योहानाने प्रथम ‘मी ख्रिस्त नाही’ असे सांगितले. पुढचे उत्तर ‘मी नाही’, आणि त्यानंतरचे नुसते ‘नाही’. उत्तरे आखूड होत जातात. स्वतःविषयी बोलायला या माणसाजवळ जणू शब्दच उरत नाहीत. ग्रीकमध्ये ‘मी नाही’ म्हणजे ‘ऊक एइमि’. याच शुभवर्तमानात येशू वारंवार ‘एगो एइमि’, म्हणजे ‘मी आहे’, असे म्हणतो, आणि त्या घोषणेच्या आधीच ग्रंथकाराने योहानाच्या तोंडी ‘मी नाही’ ठेवले आहे. पण माझ्या मनात याहून खोल गेलेली गोष्ट वेगळीच आहे. योहानाविषयी वचन म्हणते की ‘त्याने कबूल केले, नाकारले नाही’. पुढे १८व्या अध्यायात, महायाजकाच्या अंगणात शेकोटीपाशी, येशूचा शिष्य पेत्र याला विचारले जाते की तूही त्याच्या शिष्यांपैकी आहेस ना, आणि पेत्राचे उत्तर अक्षरशः तेच आहे: ‘ऊक एइमि’. तेथे मात्र ग्रंथकार लिहितो की ‘त्याने नाकारले’. शब्द तेच, परंतु एकाच्या तोंडी ती कबुली ठरते आणि दुसऱ्याच्या तोंडी नकार. जे आपले नाही ते योहानाने सोडले. जे आपले होते ते पेत्राने सोडले.

म्हणून एलीयाविषयीचा प्रश्न मी असा सोडवतो. पहिली गोष्ट, मत्तय आणि योहान हे दोन स्वतंत्र ग्रंथ आहेत आणि त्यांची वाक्ये ओढूनताणून जुळवण्याची गरज नाही. चौथे शुभवर्तमान योहानाला कोठेही ‘बाप्तिस्मा करणारा’ ही पदवीसुद्धा देत नाही. त्याच्या दृष्टीने योहान केवळ साक्षीदार आहे. प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये इफिस येथे फक्त योहानाचा बाप्तिस्मा घेतलेले शिष्य भेटतात, त्यावरून योहानाला मानणारे लोक पुढेही होते हे दिसते, आणि अशा वाचकांसमोर ही मर्यादा ठामपणे मांडण्याची ग्रंथकाराला निकड वाटली असावी. दुसरी गोष्ट आपल्याकडच्या वाचकांसाठी विशेष महत्त्वाची आहे. येथे पुनर्जन्माचा प्रश्न नाही. एलीया मेलाच नव्हता, त्यामुळे याजकांनी ‘तू एलीया आहेस काय?’ असे विचारले ते ‘स्वर्गात घेतला गेलेला तोच माणूस परत आला आहे काय?’ या अर्थाने, आणि त्याचे खरे उत्तर ‘नाही’ हेच होते. देवदूत जखऱ्याला सांगतो ते ‘एलीयाच्या आत्म्याने व सामर्थ्याने’ (लूक १:१७), म्हणजे तेच कार्य आणि तोच आवेश. शिवाय मत्तय १७ मध्ये डोंगरावर येशूशी बोलताना एलीया वेगळा दिसतो, आणि योहानाचा वध त्यापूर्वीच झालेला असतो. तिसऱ्या शतकातील आचार्य ओरिगेन यांनीही योहानाच्या शुभवर्तमानावरील भाष्यात हा प्रश्न विस्ताराने हाताळला आहे आणि पुनर्जन्माचा अर्थ बाजूला सारला आहे.

माझे स्वतःचे मत याच्याही एक पाऊल पुढे जाते. आपले स्थान काय हे योहानालाही पूर्ण उमगले होते असे वचन म्हणत नाही. ‘मीही त्याला ओळखत नव्हतो’ असे तो येशूविषयी दोनदा सांगतो (१:३१, ३३). मग ‘मी एलीया’ असा शिक्का स्वतःवर मारून घेणे त्याला शक्य होते काय? ते येशूने त्याच्याविषयी सांगितले, तेही योहान तुरुंगात असताना, आणि ‘तुमची स्वीकारण्याची इच्छा असेल तर’ अशी अट घालून.

पाठवणाऱ्यांना काहीतरी उत्तर नेऊन द्यायला हवे, म्हणून याजक पुन्हा आग्रह करतात, तेव्हा योहान यशया ४०:३ चा आधार घेऊन स्वतःला अरण्यात ओरडणाऱ्याची वाणी म्हणवतो. त्यांनी व्यक्ती विचारली आणि त्याने आवाज सांगितला. मग बाप्तिस्मा का देतोस, या प्रश्नावर तो आपले समर्थन करतच नाही. तुम्ही ज्याला ओळखत नाही असा एक जण तुमच्यामध्येच उभा आहे आणि त्याच्या वहाणेचा बंद सोडायलाही मी योग्य नाही, असे म्हणतो. तालमूद या यहूदी धर्मशास्त्राच्या ग्रंथात एक वचन आहे की दासाने धन्यासाठी करायची सगळी कामे शिष्याने गुरूसाठी करावीत, फक्त वहाणेचा बंद सोडण्याचे सोडून. शिष्यालाही जे काम कमीपणाचे मानले गेले, त्याचीही आपली योग्यता नाही असे योहान म्हणत होता.

आता आपला शेवटचा प्रश्न. ती मंडळी यरुशलेमेस परत गेल्याचे वर्णन कोठेही नाही, पण त्यांची फेरी वायाही गेली नाही. पाचव्या अध्यायात, शब्बाथाच्या दिवशी बेथेसदा तळ्यापाशी आजारी माणसाला बरे केल्यावरून येशूवर आरोप होतो, तेव्हा तो त्याच अधिकाऱ्यांना म्हणतो: ‘तुम्ही योहानाकडे पाठवले आणि त्याने सत्याविषयी साक्ष दिली आहे’ (५:३३). जी चौकशी त्यांनी स्वतः करवली होती, तिच्यातले उत्तर येशूने त्यांच्यासमोर पुरावा म्हणून ठेवले.