नाइट करून आलेल्या पोरीला झोपू कोण देणार?

(पत्र थोडक्यात: लिहिणारे वडील, सातारा जिल्ह्यातले, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर. मुलगी २९ वर्षांची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), सात वर्षं नोकरी, सध्या पुण्यात एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स. राहायला मोशीला. मुलगा चार वर्षांचा, मुलगी चौदा महिन्यांची. महिन्याला सात-आठ नाइट, बारा-बारा तासांच्या. सासरचे म्हणतात नोकरी सोड. वडिलांचा प्रश्न: "तिला बीएड करता येईल का, किंवा नाइट नसलेली एखादी सरकारी परीक्षा सांगा." सोबत दहावी, बारावी आणि जीएनएमच्या मार्कशीटचे फोटो.)

काका, नमस्कार.

मार्कशीट बघितल्या. बारावीला ६१ टक्के, जीएनएमला फर्स्ट क्लास, सगळं छान आहे आणि आत्ता त्याचा काडीचा उपयोग नाही. सात वर्षं काम केलेल्या, व्हेंटिलेटर सांभाळणाऱ्या सिस्टरला बारावीचे मार्क कोणी विचारत नाही हो.

मी अडकले ते तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांवर. एक, "ती नाइट करून आली तरी घरात काही कमी पडू देत नाही, आल्या आल्या पोळ्या लाटते, मग बाळाची आंघोळ." हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय. आणि त्याच्याच खाली चार ओळींवर, "जावयांचीही चाकणला थर्ड शिफ्ट असते, पण त्यांचं काही नसतं, ते येऊन झोपतात." काका, उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय आणि मला बीएडचं विचारताय.

तुम्ही लिहिलेल्या वेळा मी कागदावर मांडून बघितल्या. साडेसातला ड्युटी संपते, ओव्हर देऊन (पुढच्या सिस्टरला पेशंट समजावून) बाहेर पडेपर्यंत सव्वाआठ, मोशीला पोचेपर्यंत नऊ. मग पोळ्या, बाळाची आंघोळ, कपडे, म्हणजे पाठ टेकायला अकरा. एकला मोठ्याची व्हॅन येते, तो आल्यावर "मम्मा" करत तिच्याच अंगावर उडी मारणार, चार वर्षांच्या पोराने दुसरं काय करायचं. म्हणजे झोप झाली दोन तास, तीही बेल, कुकर आणि फोन यांच्यामधली. आणि संध्याकाळी सहाला परत स्कूटर बाहेर. अशा तीन नाइट सलग लागल्या की चौथ्या सकाळी ती नाशिक फाट्याच्या सिग्नलला स्कूटरवर पेंगली, मागच्याने हॉर्न मारला म्हणून जाग आली, हेही तुम्हीच लिहिलंय, पण "देवाची कृपा" म्हणून एका ओळीत सोडून दिलंय. मला त्या ओळीने रात्री झोप लागली नाही, खरं सांगते.

तुम्ही एसटीत ३१ वर्षं काढलीत. वस्तीच्या गाड्या केल्या असणारच, कुठल्यातरी गावात देवळाच्या ओवरीत नाहीतर गाडीतच झोपायचं, पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचं, दुपारी घरी यायचं. घरी आल्यावर तुम्ही झोपलात की पोरांना "आवाज करू नका, बाबा झोपलेत" कोण म्हणायचं? काकूंनी रेडिओ बंद केला असेल, कडी आतून लावली असेल, दारात आलेल्या माणसाला "संध्याकाळी या" म्हणून परत लावलं असेल. तुम्हाला कोणी म्हणालं का की लहान पोरं आहेत, वस्तीची गाडी जमत नसेल तर नोकरी सोडा आणि बीएड करा? याच घरात वाढलेली पोर आज आयसीयूत रात्र काढते, आणि तिच्यासाठी कडी लावणारं कोणी नाही. राग मानू नका, पण मला हे पत्राच्या पहिल्या वाचनालाच बोचलं.

आता बीएडचं, कारण हा गैरसमज फक्त तुमचा नाही, महिन्याला दोन-तीन पत्रं तरी अशी येतात. दोन वर्षांच्या बीएडला आधी पदवी लागते. जीएनएम हा डिप्लोमा आहे, पदवी नाही, त्यामुळे तिला थेट त्याला बसताच येणार नाही. समजा पुढे पदवी घेतली, सीईटी दिली, बीएडची दोन वर्षं काढली, तरी पुढे टीईटी, मग शिक्षकभरतीची वाट बघणं, आणि तुमच्या ओळखीत किती बीएडवाले अजून वाट बघतायत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. "नर्सिंग कॉलेजात शिकवेल" असं मनात असेल तर त्याला बीएड चालतच नाही, तो रस्ता नर्सिंगमधूनच जातो: पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग दोन वर्षं, मग एमएस्सी नर्सिंग आणखी दोन. चांगला रस्ता आहे, आयसीयूचा अनुभव तिथे सोन्यासारखा आहे, पण पोस्ट बेसिक हा पूर्णवेळ कोर्स आहे, दिवसा वर्ग आणि क्लिनिकल पोस्टिंग, नोकरी सांभाळून होणारा नव्हे. चौदा महिन्यांचं बाळ असताना मी तरी आज त्याला हो म्हणणार नाही. दोन वर्षांनी विचारा, तेव्हा कदाचित मीच तिच्या मागे लागेन.

सरकारी परीक्षेचं एका वाक्यात सांगते, सरकारी हॉस्पिटलातही पेशंट रात्री आजारी असतात. अधिपरिचारिका, म्हणजे सरकारी स्टाफ नर्स, म्हणून लागली तरी नाइट लागणारच. पगार चांगला, रजा हक्काच्या, एवढा फरक, आणि तो छोटा नाही. एम्सची नॉरसेट, म्हणजे तिथल्या नर्सभरतीची परीक्षा, द्यायची असेल तर जीएनएमला निदान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तो तिच्याकडे आहे, पण वयाची अट ३० आहे (राखीव प्रवर्गांना सवलत मिळते), आणि पोस्टिंग देशात कुठेही येऊ शकतं. मोशीचा फ्लॅट, चाकणची नोकरी आणि पोस्टिंग तिसऱ्याच राज्यात, हे चालेल का ते आधी घरात बोला, फॉर्म मग भरा. तुमच्या भाच्याने सुचवलेलं जर्मनी आत्ता राहू दे, तिथे जर्मन भाषा बी-टू या पातळीपर्यंत शिकावी लागते आणि नाइट तिथेही असतातच.

नोकरी सोडायला माझा स्पष्ट विरोध आहे. तुम्ही लिहिलंय फ्लॅटचा हप्ता १९ हजार आणि तिचा पगार २८. सासरचे "सोड" म्हणतात, पण मग हप्ता कोण भरणार हे कुणी बोललंय का? पत्रात तरी नाही. आणि आयसीयूचा हात लवकर जातो हो, दोन-तीन वर्षं घरी बसलेल्या सिस्टरला परत येताना जनरल वॉर्डपासून सुरुवात करायला लावतात, तीही कमी पगारात, माझ्यासमोर बसून रडलेल्या आहेत अशा. पण आहे तसं चालू ठेवणंही धोक्याचं आहे, फक्त तिला नाही, पेशंटलाही. पहाटे चारला नॉरअॅड्रेनॅलिनचा (बीपी टिकवणाऱ्या औषधाचा) पंप सेट करायचा, डोसचा हिशोब करायचा, आणि डोक्यात तीन दिवसांची झोप साचलेली. नेमकं त्याच वेळी माणसाचं शरीर सगळ्यात सुस्त असतं. तिथे चूक झाली तर कागदावर सही तिचीच असते.

तर कोर्स सोडा, तिला आधी मेट्रनकडे, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुखांकडे, जाऊ द्या. इनचार्ज सिस्टरकडे नको, त्या बिचाऱ्या चार्ट भरताना स्वतःच रडकुंडीला आलेल्या असतात. मेट्रनकडे, आणि लेखी अर्ज घेऊन. सहा महिने ते वर्षभरासाठी डायलिसिस, डे केअर, ओपीडी, एंडोस्कोपी, नाहीतर इन्फेक्शन कंट्रोल नर्सची जागा आहे का विचारायचं. यात बहुतेक ठिकाणी रेग्युलर नाइट नसतात, आयसीयूची सिस्टर तिथे आनंदाने घेतात, नाइटचा भत्ता जाईल तो जाऊ द्यायचा. नाहीच मिळालं तर दोन नाइट आणि पाठोपाठ दोन ऑफ असं मागायचं, सलग तीन नको. मॉर्निंग, मग इव्हनिंग, मग नाइट या क्रमाने ड्युटी फिरली तर शरीराला जुळवून घेणं सोपं जातं, उलट फिरली की वाट लागते. आणि कोणी आलं नाही म्हणून डबल ड्युटी करायला नकार द्यायचा. तिला नकार देता येत नसेल असं वाटतंय मला, तुमच्या पत्रावरून.

अजून एक, कायद्याने मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला ड्युटीत दुधासाठी रोज दोन जादा ब्रेक मिळतात. तुमची नात चौदा महिन्यांची आहे, म्हणजे रजेवरून परत आल्यापासून तिला हे कोणी सांगितलंच नाही की काय? आणि मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक आहे, आईला दिवसातून चारदा तिथे जाऊ द्यावं लागतं. रात्री चालू असलेलं पाळणाघर मी अजून कुठल्या हॉस्पिटलात पाहिलेलं नाही, पण दिवसाच्या ड्युटीला उपयोग होईल, अर्जात तेही लिहायचं.

घरातलं मात्र जावयांनी बघायचं, आणि त्यांच्याशी बोलायचं काम तुमचं. तिच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं तुम्ही लिहिलंय, दोन पोरं दिवसभर त्यांच्या अंगावर टाकणं हा अन्यायच आहे, त्यांनी "सोड नोकरी" म्हणण्यामागे निम्मं कारण ते गुडघे असतील, मला त्यांचा राग नाही आला. पण जावयांना त्यांच्या कंपनीचा शिफ्ट चार्ट आणि तिचा ड्युटी चार्ट महिन्याच्या सुरुवातीला शेजारी शेजारी ठेवून बघता येतो. त्यांची थर्ड आणि तिची नाइट एकाच आठवड्यात आली तर दोघांपैकी एकाने बदलून घ्यायची, दरवेळी तिनेच नाही. तिच्या नाइटनंतरच्या सकाळी पोळ्या बाहेरून येतील किंवा भात खातील, कोणी उपाशी मरत नाही. सहा महिने एक मावशी लावा, सकाळी साडेआठ ते तीन, पैसे हप्त्यासारखेच खर्चात धरा. आणि नाइटनंतर स्कूटर बंद, आजपासून. बसने यावं, नाहीतर जावयांना फर्स्ट शिफ्ट नसेल तेव्हा त्यांनी घ्यायला जावं.

तुम्ही रिटायर आहात, पेन्शनचे कागद झालेत, शेतीचं फार काही नाही असं लिहिलंय. पुढच्या नाइट कधी आहेत ते विचारा आणि चार दिवस मोशीला जाऊन राहा. व्हॅनमधून नातवाला उतरवून घ्या आणि तिथूनच बागेत न्या, चारपर्यंत वर येऊ नका. तिच्या खोलीला आतून कडी आहे का तेवढं बघा, नसेल तर बसवून द्या.

हे पत्र तुम्ही तिला न सांगता लिहिलंय, ते तिला दाखवा. २९ वर्षांची, आयसीयू चालवणारी बाई आहे ती, तिला नाइट नको आहेत की फक्त झोप हवी आहे हे तुमच्या दोन पानांत कुठेच नाही. मला तर शंका आहे तिला आयसीयू आवडतं. पुढचं पत्र तिनेच लिहू दे, नाइट ऑफच्या दिवशी, झोप झाल्यावर. त्यात जन्मतारीख आणि प्रवर्ग तेवढा लिहायला सांगा, नॉरसेटचं वय बसतंय का ते त्यावरच कळेल.