पणजोबांच्या पेटीतलं पुस्तक

प्रश्न : माझे पणजोबा भिक्षुकी करत. त्यांच्या पेटीत वेळ मोजायचं तांब्याचं घटिकापात्र आणि पुठ्ठे गेलेलं एक जाड पुस्तक सापडलं. सुरुवातीची पानं नाहीत. वेदांगज्योतिष, सिद्धान्त, वेधयंत्रं असे विषय आहेत. समासात पणजोबांच्या हातचं 'दीक्षित, मुरूडकर' आणि 'शके १८३१' लिहिलंय. जुनी पुस्तकं घेणारा पाचशे रुपये देतो म्हणतो. देऊ का? – एक वाचक, हर्णै

उत्तर : देऊ नका हो! हे शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र', म्हणजे आपल्याकडच्या खगोलशास्त्राचा इतिहास दिसतंय. दीक्षित १८५३ साली तुमच्या दापोली तालुक्यातल्याच मुरूडला जन्मले. ग्रंथाची पहिली आवृत्ती १८९६ ची, दुसरी १९३१ ची. शके १८३१ म्हणजे इसवी सन १९०९. तेव्हा दुसरी निघालीच नव्हती, म्हणजे तुमच्या हातात पहिली आवृत्ती आहे.

दीक्षित नुसते पूर्वजांचे गोडवे गात नाहीत, गणित मांडतात. म्हणून मला हा माणूस फार मोठा वाटतो. कृत्तिका नक्षत्राचे तारे पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असं शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात एक वाक्य आहे. आज कृत्तिका पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. त्या नेमक्या पूर्वेला कधी उगवत होत्या, हे दीक्षितांनी अयनचलनावरून (पृथ्वीचा आस हळूहळू फिरतो, त्यामुळे तारे उगवण्याची जागा शतकानुशतकं सरकत जाते, त्यावरून) काढलं आणि त्या वाक्याचा काळ सुमारे पाच हजार वर्षांमागे नेला.

आता ते घटिकापात्र काढा. बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य आपल्या ग्रंथाच्या यंत्राध्यायात, म्हणजे यंत्रांवरच्या प्रकरणात, सांगतात : अर्ध्या घटासारखं तांब्याचं पात्र, तळाला भोक. पाण्यावर सोडलं की ते हळूहळू भरून बुडतं. अहोरात्रात, म्हणजे एका दिवस-रात्रीत, ते जितक्या वेळा बुडेल, त्या संख्येने अहोरात्राला भागलं की पात्राचं माप निघालं. साठ वेळा बुडालं तर एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. आपल्याकडे लग्नात मुहूर्तासाठी घंगाळात हेच सोडत. 'घटका भरली' म्हणतो ते यावरूनच. भोकातला मळ चिंचेने हलकेच काढा, सुई मात्र घालू नका, भोक मोठं झालं की माप गेलं. मग घड्याळ लावून बघा आणि किती मिनिटं भरली ते मला नक्की कळवा.

पुस्तकाला चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात मी भिजलेली पुस्तकं उलगडायला बसले होते. गुळगुळीत कागदाच्या पुस्तकांची वीट झाली होती, पण जुन्या खरबरीत कागदाची पानं टिपकागद घालून एकेक सुटली. चिकटपट्टी लावलेल्या जागी मात्र अक्षरंच पट्टीबरोबर उठून आली. तुमचं पुस्तक धुतलेल्या मांजरपाटात सैल बांधा. वेखंडाची पुरचुंडी शेजारी ठेवा, पानांत नको. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा सावलीत, पंख्याखाली उघडून कसर लागली का बघा. उन्हात घालू नका, पानं कडक होऊन तुटतात.

आणि समासातली पणजोबांची टिपणं आधी खिडकीच्या उजेडात पानोपानी फोनवर टिपून ठेवा. छापील मजकूर दुसरीकडे मिळेल, ती टिपणं दुसरीकडे कुठे मिळणार?